स्तंभावरच्या नावांची वकिली करणारा माणूस : शिवराम जानबा कांबळे

दरवर्षी १ जानेवारीला भीमा नदीच्या काठी कोरेगावला लाखोंचा जनसागर लोटतो. गावोगावच्या गाड्या येतात, समता सैनिक दलाची सलामी होते, पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि लेकराबाळांसह आलेला माणूस विजयस्तंभापुढे नतमस्तक होऊन घरी परततो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब या स्तंभाला मानवंदना देण्यासाठी आले होते, हे आपल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण बाबासाहेबांना तिथे बोलावणारा माणूस कोण होता, त्याने त्या दिवसापर्यंत किती वर्षे या स्तंभावरच्या नावांसाठी सरकारचे दरवाजे ठोठावले होते, हे विचारले तर आपल्यापैकी अनेकांना क्षणभर थांबावे लागते. त्या माणसाचे नाव शिवराम जानबा कांबळे. चळवळीच्या इतिहासात हे नाव आदराने घेतले जाते. मात्र बहुतेक वेळा एका वाक्यात घेऊन पुढे जाण्याची आपल्याला सवय झाली आहे. म्हणून आज त्यांच्या जीवनकार्याविषयी सविस्तर लिहिण्याचा हा प्रयत्न.

कांबळे यांचा जन्म १८७५ चा. पुणे ही त्यांची कर्मभूमी. पेशवाई संपून साठ वर्षे होत आली होती, पण पेशवाईचे संस्कार पुण्याच्या पेठांतून गेले नव्हते. अस्पृश्याला पेठेत जागा नव्हती. त्याला जो काही मोकळा श्वास मिळे तो कॅम्पात. लष्करी छावणी, गोऱ्या साहेबांचे बंगले, त्यांचे क्लब आणि त्यांची स्वयंपाकघरे इथे महाराच्या मुलाला नोकरी मिळत असे. कांबळे यांनी पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये नोकरी केली. ही जागा फ्रीमेसन लोकांची, म्हणजे एकमेकांना बंधू म्हणवून घेणाऱ्या मंडळींची. बंधुत्वाच्या नावाने भरणाऱ्या त्या सभागृहात आपला हा माणूस चाकर होता. त्याच्यापाशी पदवी नव्हती, सनद नव्हती, जमीनजुमला नव्हता. होते ते अक्षरज्ञान, चिकाटी आणि आपल्या समाजाचा लष्करी इतिहास.

हा इतिहास काय होता ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय कांबळे यांच्या कार्याचे मोल कळत नाही.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनी सरकारच्या मुंबई फौजेची एक पलटण शिरूरहून कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली पुण्याकडे निघाली. पहिल्या रेजिमेंटची ही दुसरी बटालियन. दुसऱ्या दिवशी सकाळी भीमेच्या काठी तिची गाठ दुसऱ्या बाजीरावाच्या प्रचंड फौजेशी पडली. कोरेगावच्या घराघरांतून, गल्लीबोळांतून, अन्नपाण्यावाचून रात्रीपर्यंत लढाई चालली. पेशव्याच्या फौजेने अखेर माघार घेतली. कंपनी सरकारने या लढाईचे स्मारक उभारायचे ठरवले आणि २६ मार्च १८२१ रोजी स्तंभाची कोनशिला बसवली. स्तंभावर लढाईत मरण पावलेल्या ४९ जणांची नावे कोरली आहेत. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे. महार पुरुषाच्या नावापुढे त्या काळी हा प्रत्यय लावला जात असे. उरलेल्या नावांत मराठा आहेत, राजपूत आहेत, मुस्लिम आहेत, ज्यूसुद्धा आहेत.

ज्या गावांतून हे शिपाई आले त्या गावांत त्यांना एका पाणवठ्यावर पाणी पिता येत नव्हते. पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधण्याच्या ज्या चालीविषयी बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात लिहिले आहे, ती चाल आठवावी आणि मग हा दगड पाहावा. गावात ज्यांची सावली चालत नव्हती त्यांची नावे इथे इतरांच्या बरोबरीने एकाच दगडावर आली आहेत. मरणाने जी समानता दिली ती जगण्याने दिली नव्हती. शिवराम जानबांचे सारे आयुष्य हाच प्रश्न विचारण्यात गेले, की मेल्यावर जे शिपाई होते, त्यांची नातवंडे जिवंतपणी अस्पृश्य का?

कंपनीच्या आणि पुढे राणीच्या फौजेने आपल्या समाजाला काय दिले याचा हिशेब नीट मांडला पाहिजे. नुसता बंदुकीचा अभिमान दिला असे समजणे चुकीचे ठरेल. फौजेत पगार नियमित होता, निवृत्तीनंतर पेन्शन होती आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे पलटणीत शाळा होती. शिपायाला आणि त्याच्या मुलाबाळांना तिथे अक्षरओळख झाली. गावच्या शाळेने ज्या मुलाला ओट्याखाली बसवले असते, तो मुलगा छावणीत वाचायला शिकला. आपल्या चळवळीची पहिली पिढी या पेन्शनीतून आणि या शाळांतून उभी राहिली. कोकणातले दापोली हे पेन्शनर शिपायांचे गाव. तिथेच निवृत्तीनंतर स्थायिक झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी महात्मा फुल्यांच्या विचाराने अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते आणि त्यांचे चौदावे रत्न १८९१ मध्ये महूच्या छावणीत जन्माला आले.

आणि नेमके त्याच सुमाराला दार बंद झाले. लॉर्ड रॉबर्ट्स हा सरसेनापती असताना हिंदुस्थानातील काही जाती लढवय्या आणि बाकीच्या बिनलढवय्या अशी वाटणी फौजेत पक्की झाली. १८९२ च्या हुकुमांनी महारांची भरती थांबली. ज्यांची नावे स्तंभावर कोरून ठेवली, त्यांच्याच वंशजांना तुम्ही लढाऊ नाही असे सांगण्यात आले. हे कशाच्या आधारावर? रणांगणावरील कोणत्या पराभवाच्या आधारावर? असा पराभव कुणी दाखवून दिला नाही. वरच्या जातीचा शिपाई अस्पृश्य अंमलदाराचा हुकूम मानणार नाही, ही अडचण होती. आणि ती सोडवण्याऐवजी सरकारने अस्पृश्यालाच बाहेर काढले. इथल्या जातिव्यवस्थेने आखलेली रेघ गोऱ्या साहेबाने शास्त्र म्हणून स्वीकारली. मनूचे काम लष्करी खात्याच्या कागदाने केले.

या अन्यायाविरुद्ध पहिले अर्ज पेन्शनरांनीच केले. वलंगकरांनी अर्ज तयार केला. सुभेदार रामजींच्या कागदपत्रांत न्यायमूर्ती रानडे यांनी महारांसाठी लिहून दिलेल्या अर्जाची प्रत होती, हे बाबासाहेबांनी पुढे १९४३ च्या पुण्यातील व्याख्यानात नमूद केले आहे. हे अर्ज वाया गेले. १९०० मध्ये वलंगकर गेले. पेन्शनरांची पिढी थकत चालली. तेव्हा हे काम ज्याने खांद्यावर घेतले तो स्वतः शिपाई नव्हता. तो पुण्याच्या कॅम्पातला एक नोकर होता. शिवराम जानबा कांबळे यांचे वेगळेपण इथे आहे.

१९०३ मध्ये त्यांनी सासवडला सभा घेतली. ५१ गावांतले महार या सभेला जमले. त्या काळात ना मोटार, ना टेलिफोन, ना वर्तमानपत्राचा आधार. गावोगाव पायी जाऊन, तक्क्यात बसून, येसकर पाळीवरच्या माणसाला समजावून ही माणसे गोळा करावी लागली असतील. सभेत सरकारकडे पाठवायचा अर्ज संमत झाला आणि त्यावर पंधराशेहून अधिक लोकांच्या सह्या झाल्या. मागणी साधी होती. लष्करात आणि पोलिसात आम्हाला घ्या, सरकारी नोकरीचे दार आम्हाला उघडा. सरकारने अर्ज नाकारला.

न्यायालयात रोज अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. अर्ज फेटाळला गेला की अशिलाचा चेहरा कसा उतरतो ते मी पाहत आलो आहे. बहुतेक माणसे तिथेच थांबतात. कांबळे थांबले नाहीत. वरच्या न्यायालयात अपील करावे तसे ते वर गेले. १९१० मध्ये जेजुरीला दख्खनच्या महारांची परिषद भरली आणि या वेळी अर्ज थेट लंडनला, भारतमंत्र्यांकडे पाठवण्यात आला. आपल्या लोकांनी मुंबई फौजेत केलेली सेवा, त्यांनी मिळवलेले सुभेदारीपर्यंतचे हुद्दे हे सारे त्यात मांडले होते. आणि मागणी पुन्हा तीच, शिपायाची आणि पोलिसाची, सरकारी खात्यातल्या तळच्या जागांचीसुद्धा.

कायद्याच्या दृष्टीने या अर्जात मला एक मोठी गोष्ट दिसते. कांबळे दया मागत नाहीत. हिंदी लोकांना राज्यकारभारात नवे हक्क मिळू लागले होते, त्यातला आपला वाटा ते मागतात. पुरावा म्हणून ते आपल्या पूर्वजांची सेवा पुढे ठेवतात. न्यायालयात दस्तऐवज दाखल करावा तसा त्यांनी मृतांचा इतिहास सरकारपुढे दाखल केला. तोपर्यंत स्तंभ कंपनीच्या विजयाचा होता. इंग्रज अधिकारी त्याच्याकडे पाहून आपल्या पराक्रमाची आठवण काढत. कांबळे यांनी तो आपल्या समाजाच्या दाव्याचा पुरावा केला. दगड तोच राहिला, मालक बदलला.

मृतांचा मान मागणारा हा माणूस जिवंतांच्या अपमानाकडेही तितक्याच कडक नजरेने पाहत होता. १ जुलै १९०८ रोजी त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक पुण्यात सुरू केले. अस्पृश्य समाजातल्या माणसाने संपादन केलेल्या सुरुवातीच्या नियतकालिकांत त्याची गणना होते. त्यात शिक्षणावर लेख येत, दारूबंदीवर येत, आणि जेजुरीच्या खंडोबाला मुली वाहण्याच्या मुरळीच्या चालीवर सडकून टीका येई. त्याच मासिकात शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळी भगिनीचे पत्र १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. या चळवळीतूनच तिचा विवाह झाला. एका स्त्रीने आपल्या दुःखाची हकिगत स्वतः लिहावी आणि ती छापून यावी, ही त्या काळी केवढी क्रांती! ज्या समाजाच्या शिपायांनी रणांगणावर प्राण दिले, त्याच समाजाच्या लेकी देवाच्या नावाने बाजारात उभ्या राहत असतील तर स्तंभापुढे डोके टेकवून काय उपयोग, हा हिशेब कांबळे यांच्या कामात स्पष्ट दिसतो.

मग पहिले महायुद्ध आले. माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला महारांची आठवण झाली. १९१७ मध्ये बंदी बाजूला ठेवून ‘१११ महार’ ही पलटण उभी करण्यात आली. लढाऊ जात, बिनलढाऊ जात हे सारे शास्त्र गरजेपुढे एका कागदाने गुंडाळले गेले. आणि युद्ध संपले, गरज संपली, तशी १९२१ मध्ये ही पलटण मोडण्यात आली. मरायला चालतो, पेन्शनीला चालत नाही, असा हा न्याय होता.

ही जखम ताजी असताना, कांबळे यांच्या पुढाकाराने १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावला स्तंभापाशी सभा झाली आणि बाबासाहेब आले. त्या दिवशी बाबासाहेबांनी काय मांडले ते समजून घेणे फार आवश्यक आहे. त्यांनी शौर्याच्या गोष्टी सांगून टाळ्या मिळवल्या नाहीत. आपल्या शेकडो लोकांनी इंग्रजांच्या बाजूने लढून प्राण दिले आणि त्याच इंग्रजांनी कृतघ्नपणे आपल्याला बिनलढाऊ ठरवले, हे त्यांनी सांगितले. आपली माणसे कंपनीच्या फौजेत का गेली याचेही उत्तर त्यांनी दिले. सवर्णांनी त्यांना अस्पृश्य मानले, पोट भरायला दुसरा मार्ग ठेवला नाही, म्हणून नाइलाजाने ती गेली. आणि भाषणाचा शेवट त्यांनी आंदोलनाच्या आवाहनाने केला. भरतीवरची बंदी सरकारला उठवायला भाग पाडा, असा तो आदेश होता. मानवंदना आणि मागणी एकाच श्वासात. हीच शिवराम जानबांची पंचवीस वर्षांची रीत होती.

त्यानंतर अडीच महिन्यांनी महाड झाले. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. त्या परिषदेच्या भाषणातही लष्करभरतीचा आणि दापोलीच्या पेन्शनर वस्तीचा विषय त्यांनी काढला होता. कोरेगाव आणि महाड हे दोन वेगळे धडे नाहीत. रणांगणावर समान मरण आणि तळ्यावर समान पाणी, ही एकाच दाव्याची दोन कलमे आहेत.

कांबळे तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. पण १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्यात पर्वतीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते पुढाऱ्यांत होते. पां. ना. राजभोज त्यांच्यासोबत होते, काही पुरोगामी सवर्णही होते. पर्वती हे पेशव्यांचे मंदिर. तिथे सत्याग्रहींवर दगडांचा मारा झाला. कोरेगावला ज्या सत्तेशी पूर्वज लढले, त्या सत्तेच्या देवळाच्या पायऱ्यांवर ११२ वर्षांत वंशज हात जोडून, शस्त्राविना उभे राहिले, आणि उत्तर दगडांनीच मिळाले. १९३० मध्ये ह. ना. नवलकर यांनी कांबळे यांचे चरित्र लिहिले ते या सत्याग्रहाच्या इतिहासासह. अर्जापासून सत्याग्रहापर्यंतचा हा प्रवास एका माणसाने एका आयुष्यात केला.

दार अखेर उघडले ते दुसऱ्या महायुद्धात. बाबासाहेबांच्या पाठपुराव्याला यश आले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर ही रेजिमेंट सर्व जातिधर्मांच्या जवानांची झाली. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत आठव्या महार बटालियनचे मेजर रामास्वामी परमेश्वरन यांनी प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मुंबईत जन्मलेला एक तमिळ घरातला अधिकारी महार नावाच्या पलटणीत लढत हुतात्मा होतो, हा प्रसंग आपण अभिमानाने सांगितला पाहिजे. ज्या नावाचा विटाळ मानला गेला त्या नावाखाली सारे जवान बंधू झाले.

आता प्रश्न आपला आहे. कोरेगावला जाणाऱ्यांची संख्या वाढली याचा आनंद आहे. १ जानेवारी २०१८ ला, दोनशे वर्षे पूर्ण होत असताना, मानवंदनेला निघालेल्या लोकांवर हल्ला झाला, तरी पुढच्या वर्षी आपले लोक तितक्याच निर्धाराने आले. हे धैर्य कुणी हिरावून घेऊ शकत नाही. पण या उत्साहात एक धोका लपलेला आहे. आम्ही शूर जात, आमचे रक्त लढवय्याचे, अशी भाषा व्यासपीठांवरून ऐकू येते. बांधवहो, ही भाषा लॉर्ड रॉबर्ट्सची आहे. रक्तावरून शौर्य ठरते हे एकदा मान्य केले की रक्तावरून विटाळही मान्य करावा लागतो. कांबळे यांनी आपली जात जन्माने शूर असल्याचा दावा केला नाही. आमच्या माणसांनी काम केले, प्राण दिले, म्हणून आमचा हक्क, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद संविधानाचा आहे. पहिला जातीचा आहे.

दुसरी गोष्ट पोटाची. पेन्शन आणि पलटणीची शाळा यांतून आपली पहिली पिढी शिकली, हे वर सांगितले. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेखाली चार वर्षांसाठी होते. त्यातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश जणांना पुढे कायम केले जाते. बाकीचे ठरावीक रक्कम घेऊन घरी येतात, त्यांना पेन्शन नाही. खेड्यातला, भूमिहीन घरातला, आपल्याच वस्तीतला मुलगा भरतीच्या मैदानावर पहाटे धावतो तो कशाच्या आशेवर, याचा विचार आपण केला आहे का? आज शिवराम जानबा असते तर १ जानेवारीला हार घालून ते घरी गेले नसते. सासवडला पुन्हा सभा बोलावली असती, आणि अर्ज लिहायला बसले असते.

म्हणून काही कामे सुचवावीशी वाटतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर, पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके लोक युद्धावर गेले, त्यातले इतके मेले, असे तीवर लिहिलेले असते. आकडा असतो, नावे नसतात. आपल्या गावच्या पाटीवरच्या आकड्यामागची माणसे शोधा. त्यात आपल्या वस्तीतले किती, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा, लिहून ठेवा. युद्धात गेलेल्या जवानाची वीरपत्नी आपल्या वस्तीत राहत असेल तर तिचे कागद पाहा. पेन्शन अडली असेल तर तिला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. आपल्या वकील मंडळींनी असे एक प्रकरण वर्षाला विनामूल्य चालवले तरी पुष्कळ होईल.

आणि कोरेगावला जाल तेव्हा सलामी देऊन झाल्यावर पाच मिनिटे थांबून स्तंभावरची नावे वाचा. ‘नाक’ लागलेली नावे वाचा आणि त्यांच्या शेजारची, दुसऱ्या जातीधर्माची नावेही वाचा. संविधानाच्या उद्देशिकेत बाबासाहेबांनी बंधुता हा शब्द घातला. त्या शब्दाचा अर्थ आपल्या शिपायांनी मरून सांगितला आणि शिवराम जानबांनी जगून मागितला. मिळालेला अजून पुरता नाही. अर्ज प्रलंबित आहे, आणि तो चालवण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे.

जयभीम!